डीकन मोझचा झीलकरी

टायनीच्या एका हातात माईक होता आणि दुसऱ्या हातात टॉवेल. टायनी म्हणजे चिमुकला, आणि माणूस बघावा तर ज्वारीच्या कणगीएवढा. स्टेजवर तो डीकन मोझच्या मागे, दोन पावलं डावीकडे उभा होता. मोझची ओळ संपली की तो माईक तोंडाला लावून "ये-एऽऽ" असा ओरडायचा आणि पुन्हा गप्प उभा राहायचा.

"बाबा, कंटाळा आला का?" केतकीनं माझ्या कानाशी येऊन विचारलं.

"नाही गं. कान गेलेत, पण कंटाळा नाही आला."

ही दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या आमच्या पंपांच्या कंपनीनं मला दोन आठवड्यांसाठी ह्यूस्टनला पाठवलं होतं. माझी मुलगी केतकी तिथंच नोकरीला होती. रविवारी दुपारी तिनं मला एका मोठ्या बागेत नेलं. गायकाचं नाव डीकन मोझ, आणि डीकन म्हणजे चर्चमधला सेवेकरी असं तिनं सांगितलं, तेव्हा मी भजनाचा कार्यक्रम समजून इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेलो होतो. तिथं पोचल्यावर कळलं की हा रॅपवाला. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बसले होते, निखाऱ्यावर मांस भाजल्याचा धूर डोळ्यांत जात होता आणि स्पीकरच्या दणक्यानं माझ्या सदऱ्याची बटणं थरथरत होती.

"हा इथला जुना माणूस आहे," केतकी सांगत होती. "दक्षिणेतला. पूर्वी न्यूयॉर्कचे लोक यांच्या बोलीला हसायचे. रेडिओवर लावायचे नाहीत. मग हे लोक गाडीच्या डिकीतून स्वतःच्या कॅसेटी गावभर पोचवायचे."

"म्हणजे आम्हा कोल्हापूरकडच्यांना पुण्यात हसतात तसं."

"अगदी तसंच! पण आता न्यूयॉर्कवालेच यांची नक्कल करतात."

"पुण्याचं तेवढं बाकी आहे," मी म्हणालो. ती हसली.

मोझ पन्नाशीचा असावा. उंच स्टुलावर बसून तो गात होता, कारण दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. शब्द मला एकही कळत नव्हता. आणि शब्द कळत नव्हते म्हणूनच बहुधा मला ते ऐकू आलं. टायनी नुसता ओरडत नव्हता. त्या "ये-एऽऽ"च्या शेवटी तो हळूच एक शब्द सोडत होता आणि मोझची पुढची ओळ बरोबर त्याच शब्दानं सुरू होत होती. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मी खुर्चीत पुढं सरकून बसलो.

"केतकी, तो जाडा माणूस बघ. तो त्याला शब्द देतोय."

"कोण, टायनी? तो हाइप मॅन आहे, बाबा. लोकांना जोश चढवायचं काम त्याचं."

"जोश वरवरचा. खालून शब्द देतोय. पुढच्या ओळीचा पहिला शब्द. ऐक."

तिनं ऐकलं. दोन ओळी गेल्या, तीन गेल्या. मग तिनं माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की तिच्या लग्नाचा विषय काढल्यावरचं सोडलं तर तिनं माझ्याकडं इतकं रोखून कधी पाहिलं नव्हतं.

"मी हा माणूस सात वर्षं ऐकतेय. मला कधी कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"मी झीलकरी होतो."

"काय होता?"

सव्वीस वर्षांच्या मुलीला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिचे आजोबा, म्हणजे माझे आबा, शाहीर होते हे तिला ठाऊक होतं. शाहीर दत्तोबा वठारे म्हटलं की एके काळी वारणाकाठच्या पंचवीस-तीस गावांत माणसं बैलगाड्या जुंपायची. पण त्यांच्या मागं उभं राहून 'जी जी रं जी' म्हणणारा, म्हणजे झील धरणारा, मी होतो हे घरात कुणी बोलत नसे. आबा बोलत नसत आणि मला तर बोलायचंच नव्हतं.

"मग आजोबांनी गाणं का सोडलं?" तिनं विचारलं.

"आवाज गेला त्यांचा."

हे खोटं मी तिला ती बालवाडीत असल्यापासून सांगत आलो होतो. आबांचा आवाज कुठंही गेला नव्हता. गेला होता एक शब्द, आणि तो माझ्या तोंडात होता.

एवढ्यात स्टेजवर मोझ थांबला.

मशीनवरचं संगीत चालूच होतं. मोझचं तोंड अर्धवट उघडं होतं, पण ओळ येत नव्हती. त्याची मान किंचित डावीकडं कलली आणि कान मागं गेला. ती मान मी ओळखली. टायनीनं "ये-एऽऽ" केलं आणि शब्द दिला. मोझला तो लागला नाही. टायनीनं पुन्हा दिला. तरी नाही. पुढच्या रांगेतल्या काही बायका मान उंच करून बघायला लागल्या. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता इथं, सगळ्यांसमोर संपला.

टायनी सावकाश पुढं आला. घाई नाही, गडबड नाही. त्यानं टॉवेल उघडला, मोझच्या कपाळावर धरला आणि आईनं पोराचं तोंड पुसावं तसा त्याचा चेहरा पुसला. त्या टॉवेलच्या आड त्याचं तोंड मोझच्या कानाशी होतं. मग तो लोकांकडं वळून ओरडला. केतकीनं मला अर्थ सांगितला, "एवढ्या उन्हात माझ्या भावाला घोटभर पाणी पिऊ द्याल की नाही, असं म्हणतोय." लोक ओरडले, "पिऊ दे!" टायनीनं मशीनवाल्याला बोटानं गोल खूण केली, संगीत फिरून मागं आलं, मोझ पाणी प्याला आणि बरोबर जागेवर त्यानं ओळ पकडली. सगळी बाग उभी राहिली. कुणाला काही कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग.

मी मात्र बसून होतो, आणि रडत होतो. इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होतो.

"बाबा? काय झालं?"

"धूर," मी म्हणालो.

आबा दुसरीपर्यंत शिकलेले. वाचता यायचं, पण बोट ठेवून. सगळे पोवाडे त्यांनी त्यांच्या वस्तादांकडून ऐकून घेतलेले, आणि वस्तादांनी कागदावर एक अक्षर लिहून ठेवलेलं नव्हतं. आबांचा आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या माणसाला ऐकू जाई. पण त्यांची आठवण म्हणजे चाळण. प्रत्येक कार्यक्रमात दोन-चार वेळा तरी ते अडायचे. लोकांना हे कधी समजलं नाही, कारण मागं मी होतो. अकराव्या वर्षापासून मला सगळे पोवाडे तोंडपाठ होते. 'जी जी रं जी जी' च्या शेवटी मी पुढच्या ओळीचा पहिला शब्द दबक्या आवाजात सोडायचो. शाहीर मागं वळून बघत नाही, ते लाजिरवाणं. आबा फक्त मान डावीकडं कलती करायचे, कान मागं न्यायचे. मी शब्द द्यायचो. डफावर थाप पडायची आणि गाडी पुढं. तुणतुण्यावर सदूकाका असायचा, पण त्याला सूर कळायचा, शब्द नाही. त्यामुळं आमच्या फडात आबांचा गळा आणि माझी आठवण मिळून एक शाहीर होता.

"झीलकऱ्यानं एकच बघायचं," आबा म्हणायचे. "शाहिराची वळ खाली पडू द्यायची न्हाई."

मी चोवीस वर्षांचा झालो. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा हातात होता. पुण्याच्या एका कारखान्याचं मुलाखतीचं पत्र आलं, आणि नेमका त्याच दिवशी आबांनी एका जत्रेचा कार्यक्रम घेतलेला.

"आबा, मला जायला हवं."

"फड हुबा ऱ्हायलाय आन् तू पुण्याला जाणार? झील कोण धरणार? सदू?"

"एक दिवस सदूकाका सांभाळेल."

"तुझी मुलाखत काय पळून जाती व्हय? फुडल्या साली दे."

मी जत्रेत उभा राहिलो. शब्द देत राहिलो. मुलाखत पळून गेली. त्यानंतर तीन आठवडे मी आबांशी कामापुरतं बोलत होतो, आणि आत जे काही साठत होतं त्याला मी स्वाभिमान म्हणत होतो.

मग कोल्हापुरात शाहिरी स्पर्धा आली. एका हॉलमध्ये, सकाळी अकरा वाजता. पहिल्या येणाऱ्याचा पोवाडा रेडिओवर ध्वनिमुद्रित होणार होता. आबांना बक्षिसाचं काही नव्हतं. त्यांना त्यांच्या वस्तादांचा पोवाडा रेडिओवर जायला हवा होता. वारणेच्या पुरात एका म्हाताऱ्या नावाड्यानं सगळा गाव पलीकडं नेला, त्याचा तो पोवाडा. आबांनी पहाटेच डफ शेकून ठेवला होता, नवा फेटा बांधला होता. हॉलच्या पायऱ्या चढताना ते मला म्हणाले, "निवरत्या, आज नीट ध्यान दे हां." मी त्यांच्या पुढं होऊन पायऱ्या चढून गेलो.

पहिली पंधरा मिनिटं आबा असे गायले की परीक्षक कागदावर लिहायचं विसरले. मग ही जागा आली :

पाणी वेशीला लागलं, बुडाला पाणंद-मळा,
म्हाताऱ्यानं होडी सोडली, भंडारा लावून भाळा...

मी आणि सदूकाकानं झील धरली. 'जी जी रं जी जी.' आबांची मान डावीकडं कलली. कान मागं आला.

मला शब्द माहीत होता. जिभेच्या टोकावर होता. आणि मी तो गिळला.

आबांनी डफावर दोन थापा जास्त मारल्या. मी पुन्हा म्हणालो, 'जी जी रं जी जी,' स्वच्छ, सुरात, शब्दाशिवाय. पुन्हा थापा. पुन्हा जी जी. चार वेळा असं झालं. चौथ्या वेळी मागून कुणीतरी शिट्टी घातली आणि हॉलभर हशा पिकला. आबांनी तरीही मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी डफ खाली ठेवला, परीक्षकांना हात जोडले आणि बाजूनं उतरून गेले. सदूकाका तुणतुणं छातीशी धरून रडत होता.

मी का केलं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळ प्रकारांनी समजावलं. तरुण होतो, राग होता, एकदाच केलं. पण खरं एवढंच की त्या चार वेळांत प्रत्येक वेळी मी ठरवून गप्प बसलो. एकदा चूक होते. चार वेळा होत नाही.

त्या दुपारी एसटी स्टँडवर आबांनी मला बाकावर शेजारी बसवलं.

"तुझ्या पोटावर पाय दिला मी," ते म्हणाले. "मुलाखत हुकीवली तुझी. म्हणून देवीआई रुसली माझ्यावर. तिनंच शब्द काढून घेतला."

"आबा, तसं काही नाही."

"तसंच हाय. मला कळतंय. तू जा पुण्याला. आपला फड मोडला आजपास्नं."

तिथं, त्या बाकावर, मला बोलता आलं असतं. पण आबा मला पुण्याला जा म्हणत होते, आणि मला पुण्याला जायचं होतं. मी त्यांच्या पायाला हात लावला आणि आशीर्वाद घेतला. आजवरचं माझं सगळं, नोकरी, फ्लॅट, केतकीचं शिक्षण, त्या आशीर्वादावर उभं आहे.

आबांनी डफ माळ्यावर टाकला. सात वर्षांनी दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा पहाटे गोठ्यातून आवाज आला. आबा म्हशीची धार काढत हळू आवाजात गात होते. 'भंडारा लावून भाळा' पर्यंत आले आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच थांबले. वस्ताद वारले होते, पोवाडा दुसऱ्या कुणाला येत नव्हता, आणि शाहिरानं आपल्याच झीलकऱ्याला ओळ विचारायची हे आबांना मरण वाटलं असतं. मी कुडाच्या भिंतीपलीकडं तांब्या घेऊन उभा होतो. एक शब्द आत टाकला असता तर बास होतं. पण इतक्या चटकन शब्द दिला, तर त्या दिवशी का नाही दिला, हा प्रश्न आला असता. मी पाय न वाजवता मागं फिरलो.

हे सगळं मी बागेत केतकीला सांगितलं नाही. कार्यक्रम संपला, आम्ही गाडीपाशी आलो. ऊन अजून चांगलं होतं. तिनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "साडेसहा. म्हणजे तिकडे पहाटेचे पाच. आजोबा उठले असतील. त्यांना टायनीचं सांगायलाच हवं!"

"नको. झोपले असतील."

"आजोबा? पाचला?"

मी तिचा हात धरायच्या आत तिनं फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन गाडीच्या टपावर ठेवला.

"कोण? केतकी व्हय?" आबांचा आवाज आला. मागं म्हैस रेकत होती. "काय गं बाय, बरी हाईस न्हवं?"

"आजोबा, आम्ही एक गाणं ऐकायला आलोय. इथं पण झीलकरी असतो! गाणारा विसरला की मागून शब्द देतो. बाबांनी ओळखलं. आणि काय सांगू, बाबा रडले!"

पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"निवरत्या रडला? का रं?"

केतकी हसत माझ्याकडं पाहत होती. मग तिचं हसू थांबलं. माझा चेहरा कसा झाला होता, मला माहीत नाही.

"आबा," मी म्हणालो. "कोल्हापुरात त्या दिवशी मला शब्द माहीत होता."

"कंच्या दिशी?"

"स्पर्धेच्या दिवशी. मी दिला नाही. मुद्दाम दिला नाही. मुलाखतीचा राग होता माझ्या डोक्यात."

आबा हसले. खरोखरच हसले, खोकला येईपर्यंत.

"लई ग्वाड बोलाय शिकलास रं पुण्यात ऱ्हाऊन. म्हाताऱ्याची समजूत काढतूस व्हय? आरं येड्या, आईनं शब्द नेला माझा. झीलकरी कवा शाहिराची वळ पाडतोय का? आन् तू? तू तर माझा..."

"आबा, खरं सांगतोय."

"बास आता. नगं ते बोलू नगंस."

ते विश्वास ठेवायला तयारच नव्हते. मला गप्प बसता आलं असतं. खरं सांगून टाकलं आणि त्यांनी मानलं नाही, यापेक्षा सोपी सुटका कुणाला मिळते? क्षणभर मला ती घ्यावीशी वाटली, हेही सांगून टाकतो. पण टायनीचा तो टॉवेल डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"दोर," मी म्हणालो.

"काय?"

"भंडारा लावून भाळा. जी जी रं जी जी. दोर."

फोनवर नुसता गोठा ऐकू येत होता. म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. केतकीनं माझा दंड धरला होता. मग आबांचा आवाज आला, अगदी हळू, पण सुरात :

"दोर दिला लेकाच्या हाती, काठावर हुबा केला,
म्हणला धार लई मोठी, ढील देऊ नगं दोराला..."

ते थांबले. तीस वर्षांनी ओळ सापडली होती, आणि आता झिलेची जागा होती. मी श्वास घेतला, तोंड उघडलं.

"जी जी रं जी जी," आबांनी स्वतःच म्हटलं.

मग विचारलं, "म्हंजे तुला ठावं हुतं."

"हो, आबा."

"चार येळा."

"हो."

"म्हशीची धार ऱ्हायलीया," ते म्हणाले. "ठेवतो."

केतकीनं गाडी घराशी आणून उभी केली. उतरताना म्हणाली, "तुम्ही मला नेहमी सांगत आलात, की आवाज गेला." मी मान हलवली. तिनं किल्ली काढून घेतली आणि पुढं गेली. त्या रात्री तिनं माझ्यासाठी पिठलं-भात केला, पण जेवायला माझ्याबरोबर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "काय सांगितलंस रं त्यास्नी? माळ्यावरनं डफ काढलाय. आताच्या आता नवं कातडं घालून आणायला लावलं. सकाळपास्नं गातायत, जेवलं न्हाईत."

"माझ्याबद्दल काही बोलले?"

"न्हाई. तुझ्याबद्दल काय बोलायचंय?"

त्यानंतर आबा तीन वर्षं होते. गावी गेलो की माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या विचारायचे, ताटात भाकरी मोडून द्यायचे, केतकीच्या लग्नात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. त्या दिवसाबद्दल एक अवाक्षर त्यांनी कधी काढलं नाही. संध्याकाळी अंगणात घोंगडं टाकून डफ घ्यायचे, शेजारपाजारची माणसं जमायची. मी जाऊन त्यांच्या मागं, दोन पावलं डावीकडं बसायचो. ओळ संपायची आणि मी तोंड उघडायच्या आत आबा स्वतःच 'जी जी रं जी जी' म्हणून पुढं जायचे. झिलेसाठी जागा त्यांनी कधी ठेवलीच नाही. लोक म्हणायचे, म्हातारा एकटा सगळा फड ओढतोय.

शेवटच्या पाडव्याला ते फार थकले होते. तरी डफ मागितला. नावाड्याचाच पोवाडा घेतला. पूर ओसरतो, म्हातारा पलीकडच्या काठाला लागतो, तिथपर्यंत आले आणि अडले. अंगणात दहा-बारा माणसं बसली होती. आबांनी डफावर दोन थापा मारल्या. त्यांची मान किंचित डावीकडं कलायला लागली.

मी पुढं सरकलो आणि शब्द दिला. हळू, स्पष्ट, त्यांच्या कानाशी.

त्यांनी तो ऐकला. त्यांचा कान हलला, मी बघितलं. मग त्यांनी मान सरळ केली, समोरच्या माणसांना हात जोडले आणि डफ खाली ठेवला.